एक पेनी साधे, दोन पेनी रंगीत



नाटक संपते, पडदा पडतो, आणि प्रेक्षकाच्या हाती काहीच उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सामान्य प्रेक्षकाची हीच अडचण होती. नामांकित नटांच्या तसबिरींची मोठाली छापचित्रे निघत, नाही असे नाही. पण ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी. विल्यम वेस्ट नावाच्या दुकानदाराने १८११ च्या सुमारास चालू नाटकांतील पात्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायला घेतली. पाय फाकून, हात उगारून उभा असलेला नट, अगदी रंगभूमीवर दिसे तसा! दर असा : साधे चित्र एक पेनी, रंगवलेले दोन पेनी.

हा एका पेनीचा फरक मला फार बोलका वाटतो. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हिशेब आधी दिसतो, त्याला इलाज नाही. कागद तोच, पत्रा तोच, छापाई तीच. दुप्पट किंमत होते ती केवळ रंगाने. आणि रंग यंत्राने चढत नसे, हाताने भरावा लागे. एकेका कागदावर तोच तांबडा झगा, तीच निळी तुमान. चित्राखाली नटाचे नाव असे, भूमिकेचे असे, प्रकाशकाचे नाव-पत्ता तर ठळक असे. कुंचला चालवणाऱ्याचे नाव मात्र नसे.

ज्याला दुसरी पेनी परवडत नसे तो साधे चित्र नेई आणि घरी स्वतःच रंगवी. पुढे या हौसेची भरभराट झाली. चकचकीत पत्र्याचे ठशात कापलेले तुकडे, म्हणजे शिरस्त्राणे, खंजीर, चांदण्या, विकत मिळू लागले. ते आणि मखमलीच्या चिंध्या चित्रावर चिकटवायच्या. १८१४ साली ड्रुरी लेन नाट्यगृहात शायलॉकच्या भूमिकेने गाजलेला एडमंड कीन तिसऱ्या रिचर्डच्या वेशात असा कित्येक घरांच्या भिंतींवर झळकला. खुद्द कीनला त्याचे काय मिळाले असेल ते सोडा; पण त्या भिंतीवरचा कीन घरमालकाने स्वतःच्या कष्टाने सजवलेला होता.

हळूहळू चित्रांतला खरा नट पुसट होत गेला. स्केल्टसारख्या प्रकाशकांच्या काळात ही चित्रे मुलांच्या कागदी रंगभूमीची खेळणी बनली. नटापेक्षा पात्राला महत्त्व आले. १८५० साली हेन्री मेह्यू लंडनच्या कष्टकऱ्यांची चौकशी करीत हिंडत होता. खेळणी बनवणाऱ्यांबद्दल लिहिताना त्याने वृद्ध वेस्टला गाठून धंद्याची हकीकत उतरवून घेतली. मजुरी विचारणारा असा पत्रकार त्या काळी विरळाच. वेस्ट १८५४ साली वारला.

स्टीव्हन्सन या प्रसिद्ध लेखकाने १८८४ साली याच दरांचे शीर्षक देऊन लेख लिहिला आणि पूर्व लंडनमधल्या हॉक्स्टनच्या बेंजामिन पोलॉककडे जाण्याची शिफारस केली. पोलॉकच्या छोट्या दुकानात घरचीच माणसे रंगकामाला बसत. तो १९३७ साली वारला. त्याच्या मुलींनी दुकान १९४४ पर्यंत चालवले.