जुनी पिकअप घ्यायची? आधी फेऱ्या मोजा, मग किलोमीटर



कांद्याचे चार पैसे हाती आले की घरात पिकअपचा विषय निघतोच. नवी गाडी झेपत नाही. मग कुणीतरी सांगतं, "तालुक्याला एक उभी आहे, अडीच लाख किलोमीटर पळालीय, पण स्वस्तात मिळतेय." घ्यावी की सोडावी?

गाडी बघायला जाण्याआधी घरीच हिशेब मांडा. समजा, गाडी ३ लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी १ लाखाला विकली. म्हणजे वर्षाला ४० हजार झिजले. विमा, फिटनेस, टायर, ऑईल, गॅरेज यांचे ६० हजार धरा. झाले १ लाख. कर्ज काढलंत तर व्याज वेगळं. आता भाड्याच्या गाडीला मार्केटच्या फेरीला १,५०० रुपये पडतात आणि स्वतःच्या गाडीला डिझेल ६०० चं लागतं असं धरलं, तर फेरीला ९०० वाचतात. म्हणजे लाख भरून निघायला वर्षाला ११० च्या वर फेऱ्या हव्यात! टोमॅटोचा, भाजीपाल्याचा दिवसाआड तोडा असेल तर त्या होतील. नुसता कांदा आणि सोयाबीन असेल तर वीस-पंचवीस फेऱ्यांत माल संपतो, मग गाडी लिंबाखाली उभी. अशांना भाड्याचीच गाडी बरी. शेजाऱ्यांचा माल नेणार असाल तर त्याही फेऱ्या धरा, पण तोंडी कबूल केलेल्यांच्या निम्म्याच. आकडे अर्थात तुमच्या गावचे घाला.

हिशेब बसला, तर गाडीकडे वळू. मीटरवर फार विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. आकडा कमी पण क्लचच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत आणि ड्रायव्हरची सीट खचलेली, असं दिसलं तर काय ते समजा. उलट, हमरस्त्यावर हलका माल घेऊन तीन लाख पळालेली गाडी, विटा-वाळू ओढून दीड लाखात दमलेल्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते. म्हणून आधी विचारा, गाडीनं काय वाहिलं? मासळी वाहिलेली असेल तर खारट पाण्यानं हौद्याचा पत्रा आणि चासी गंजलेली असते. खताच्या गाडीचंही तेच.

सकाळी लवकर जा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजावं, थंड इंजिन सेल्फ घेत नसावं. गाडी चालू झाली की धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर तुंबलेला असेल तर थोडक्यात भागतं, इंजेक्टर-पंपाचं काम निघालं तर खर्च मोठा. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ दिसते, तिची काळजी नको. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर सावध व्हा. मग चालू इंजिनवर ऑईलचं टोपण काढायला सांगा. तिथून भकाभका धूर येत असेल तर गॅरेजवाले म्हणतात, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. म्हणजे इंजिन उघडावं लागणार, आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला. ऑईलच्या पट्टीवर दुधी चिकटा दिसला तर आत पाणी शिरलंय. ती गाडी सोडा. इंजिन नुकतंच धुऊन चकचकीत केलेलं असेल तर गळती कुठं होती ते कळत नाही, बरं का!

खाली वाकून चासी बघा, विशेषतः पाट्यांच्या जोडापाशी. वेल्डिंगचे डाग, चीर, किंवा जादा घातलेला पाटा म्हणजे गाडीनं पेलवेना इतकं ओझं वाहिलंय. इंजिन दुरुस्त होतं, वाकलेली चासी पुन्हा सरळ चालत नाही. शेवटी हौद्यात पोती भरून चढावर चालवून बघा. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तर क्लच गेला. ओळखीचा मेस्त्री सोबत असू द्या. त्याची हजेरी वाया जात नाही.

आता कागदं. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवरही असतो. फायनान्सचं नाव दिसलं तर कर्ज फिटल्याचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. चासी नंबर स्वतः ताडून बघा. थकलेली चलनं, विमा आणि फिटनेसची तारीख तपासा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीची ती फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे.

टी.टी. फॉर्म, म्हणजे नमुना २९ आणि ३०, यांवर सह्या घेऊन कागद पेटीत ठेवायची आपल्याकडे खोडच आहे. तसं करू नका. तीस दिवसांच्या आत आरटीओकडे नाव बदलायला द्या, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला सांगा. नाहीतर गाडी उलटली तर तिच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते.