हत्तीच्या पोटात डोकावताना

मी लहान असताना कंधार तालुक्यातील आमच्या गावी सुगीनंतर कधी कधी साधूंबरोबर हत्ती यायचा. बाया आपली लेकरे त्याच्या पोटाखालून काढीत. आजी म्हणायची, "डोंगरावानी हाय, ह्याला कसली आलीया बिमारी!"

ही समजूत माझ्याही मनात पक्की होती. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातील महादेवी हत्तीण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादानंतर जामनगरला नेण्यात आली, तेव्हा वर्तमानपत्रातले तिचे छायाचित्र पाहून मी चहाच्या टपरीवर ठासून सांगितले होते, "चांगली धडधाकट तर दिसते!" उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा माझा मामेभाऊ त्यावर एवढेच म्हणाला, "बाहेरून."

पुढे त्याने मला एका देवणी गाईची सोनोग्राफी दाखविली. वाचकहो, सोनोग्राफी म्हटले की आपल्याला आधी आठवते ती 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी. पण त्यात यंत्राचा काय दोष? त्याचे तत्त्व आपल्या विहिरीवरचेच आहे. विहिरीत दगड टाकावा आणि आवाज किती वेळाने येतो यावरून पाणी किती खोल ते ताडावे, तसे हे. आपल्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी कळतो. हे यंत्र ३५ लाख कंपनांचा वगैरे श्राव्यातीत ध्वनी शरीरात सोडते. मांसातून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. १५ सेंटिमीटर खोलवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पाचहजाराव्या भागात परत येतो, आणि अशा असंख्य प्रतिध्वनींतून पडद्यावर चित्र उमटते.

"मग हत्तीला हेच लावायचे!" मी म्हणालो. तो हसला. हत्तीची कातडी काही ठिकाणी अडीच-तीन सेंटिमीटर जाड. तिच्या सुरकुत्यांत हवा अडकते, आणि हवा लागली की ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. म्हणून अंग धुऊन भरपूर जेल चोपडावे लागते. खोल जायचे तर कंपने कमी करावी लागतात, पण मग चित्र धूसर होते. त्यात आतड्यात आंबणाऱ्या चाऱ्याचा वायू. फुप्फुसात तर हवाच हवा, म्हणून क्षयाची शंका आल्यास सोंडेत मिठाचे पाणी ओतून ते परत घेतात व तपासतात. (हा क्षय हत्तीला पुष्कळदा माणसाकडूनच होतो, ही आणखी एक गंमत!) हृदय पाहायचे तर हत्तीला पुढचा पाय पुढे टाकून उभे राहायला शिकवावे लागते.

उरतो मागचा मार्ग. लीद काढून, खांद्यापर्यंत हात आत घालून मूत्राशय व गर्भाशय पाहतात. बीजांडकोशापर्यंत हातही पुरत नाही, यंत्राला दांडी जोडतात. एवढा वेळ तो प्राणी आपखुशीने उभा राहावा म्हणून ऊस-केळी देऊन त्याला दिवसेंदिवस सवय लावावी लागते. हे काम अंकुशाच्या धाकाने नीट होत नाही, असे मामेभावाचे ठाम मत. मलाही ते पटते.

बर्लिनच्या संशोधकांनी १९९० नंतरच्या काळात हे तंत्र पुष्कळ पुढे नेले. त्यातून कळले ते चटका लावणारे आहे. माणसाच्या ताब्यात राहून कधीच न व्यालेल्या हत्तिणींच्या गर्भाशयात वय वाढेल तशा गाठी फार आढळतात, बीजांडकोशावर द्रवाच्या पिशव्या धरतात आणि त्यांची प्रजननक्षमता अकाली संपते. या हत्तिणी नीट खातात, चालतात, सोंड उचलून आशीर्वादही देतात. महादेवीला असे काही होते असे मी म्हणत नाही. तिचे पाय, नखे यांवर वाद घालणाऱ्या आम्हा टपरीवरच्या पंडितांना हा प्रश्न सुचला नव्हता, एवढेच.

मराठवाड्यात शिकणाऱ्या मामेभावाच्या हाताखालून गाई-म्हशी पुष्कळ गेल्या, हत्ती एकही नाही. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत. सुट्टीत तिकडे जाऊ म्हणतो. मीही पिशवी भरून ठेवली आहे. आजीने वाटेसाठी गूळ दिला आहे, तो हत्तीसाठी की आमच्यासाठी, हे मात्र तिने सांगितलेले नाही.