‘तुमचा नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला काय विचाराल?

बावड्यासारख्या गावात ऊस-डाळिंबाला ठिबक करायचं, तर महाडीबीटी पोर्टलवर अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. त्यातले ३ रुपये ६० पैसे जीएसटीचे. रक्कम पोर्टलवरच भरली जाते. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रचालकानं टायपिंग-स्कॅनिंगचे वाजवी पैसे घेतले तर हरकत नाही. ‘साहेबांचे’ म्हणून हजार-दोन हजार मागितले, की उठावं. २०२५ पासून सोडत बंद होऊन आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे, त्यामुळे ‘सोडतीत नाव काढतो’ ही निव्वळ थाप. खरेदी पूर्वसंमतीनंतरच करायची, मग बिल पोर्टलवर चढवायचं आणि शेतावर मोका तपासणी होते. अल्प-अत्यल्प भूधारकांना मापदंडाच्या ८०, इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. त्यात एजंटाची टक्केवारी कुठं बसते?

सरकारनं मोबदला ठरवूनही लोकांकडून पैसे उकळले जातात. २०२३ च्या एक रुपयाच्या पीक विम्यात सेवा केंद्राला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनी देणार होती. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चा अर्ज मोफत होता. तरी दोन्हीकडे वसुलीच्या तक्रारी झाल्याच.

अर्जात मोबाइल नंबर कुणाचा टाकलाय, हे स्क्रीनवर स्वतः पाहा. एजंटाचा असेल, तर ओटीपी आणि त्रुटीचे मेसेज त्यालाच जातील. व्हॉट्सअॅपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली, तर उघडू नका. फसवणुकीत खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा.