१२०० कॅलरीचा कागद आणि आपले ताट

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतल्या एक ताई हातात कागद घेऊन आमच्याकडे आल्या. वय ४६, उंची पाच फूट, वजन ८२ किलो. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत चार घरची धुणीभांडी. गुडघे दुखतात म्हणून एका दवाखान्यात गेल्या, तिथे रक्तातली साखरही वाढलेली निघाली. गोळ्या मिळाल्या आणि सोबत एक छापील कागद : दररोज १२०० कॅलरी. खाली यादी होती. ओट्स, सफरचंद, पनीर, ऑलिव्ह तेल. त्यातले ताईंना परवडण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला आणि भाकरी-भात बंद केला. नवव्या दिवशी एका इमारतीच्या जिन्यात त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. वॉचमनने गोड चहा पाजला तेव्हा कुठे त्या सावरल्या.

"माझंच मन कच्चं आहे का हो? बाकीच्या बायका कशा करतात?" हा त्यांचा आम्हाला प्रश्न. मन कच्चे नव्हते. आकडा चुकीचा होता, आणि तो कसा पाळायचा हे कुणी समजावले नव्हते. त्यांच्यासारखे कागद आता वस्तीत बऱ्याच घरांत दिसतात, म्हणून या वेळी आरोग्याचे पान त्यासाठीच.

कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद मोजण्याचे माप. एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा साखर ४ कॅलरी देते, एक ग्रॅम प्रथिने ४, आणि एक ग्रॅम तेल-तूप ९. आपण झोपून असलो तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू चालूच असतात आणि त्यांना ताकद लागतेच. ताईंचे वय, उंची, वजन धरून हिशेब केला तर दिवसभर नुसते पडून राहिल्या तरी त्यांच्या शरीराला अंदाजे १३८० कॅलरी लागतात. कामाची धावपळ धरली की आकडा २१०० च्या आसपास जातो. म्हणजे त्या कागदाने त्यांना निजून असलेल्या माणसापेक्षाही कमी दिले होते आणि वर चार घरची भांडी घासायला पाठवले होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले आकडे पाहा. ५५ किलोच्या स्त्रीचे काम बैठे असेल तर दिवसाला १६६०, मध्यम कष्टाचे असेल तर २१३०, जड असेल तर २७२० कॅलरी. ६५ किलोच्या पुरुषाला अनुक्रमे २११०, २७१० आणि ३४७०. कचऱ्याच्या गाडीवर, बांधकामावर, हमालीवर जाणारा माणूस आणि ऑफिसात खुर्चीवर बसणारा माणूस यांना एकच छापील कागद देणे हे औषध न तपासता देण्यासारखेच आहे. १२०० हा आकडा बुटक्या बांध्याच्या, बैठे काम असलेल्या एखाद्या बाईला डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू शकेल. ८०० च्या खाली तर डॉक्टरांशिवाय कुणी जाऊच नये.

थोड्या खाण्याने मनाचे काय होते याचा एक जुना प्रयोग आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरींवर ठेवले, आणि त्यांना चालायलाही लावले. ही माणसे स्वखुशीने आली होती, मनाने खंबीर होती. तरी काही आठवड्यांत ती चिडचिडी झाली, त्यांना सतत थंडी वाजू लागली, कामातले लक्ष उडाले, बोलणे आणि स्वप्ने जेवणाभोवतीच फिरू लागली. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवायला लागले. भूक ही शरीराची हाक आहे, चारित्र्याचा दोष नव्हे. ताईंना आम्ही हेच सांगितले.

मग वजन उतरवायचेच नाही का? उतरवायचे. आपल्याकडच्या बांध्याला कमरेचा घेर स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या (साडेएकतीस इंच) आणि पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या (साडेपस्तीस इंच) वर गेला की मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो. पण तूट बेताची हवी. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ५०० कॅलरी कमी गेल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरते. त्याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. ताईंसाठी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून १६०० चा आकडा ठरवून घेतला. तोही एकदम नाही. पहिल्या आठवड्यात २०० कमी, पुढच्या आठवड्यात आणखी २००, मग शेवटचे १००.

आता हे ५०० कुठून काढायचे? भाकरीवर हात टाकण्याआधी तेलाच्या डब्याकडे बघा. एक लिटर तेलात ८००० हून जास्त कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या जातात. तेच अडीच लिटरवर आणले तर माणशी रोजच्या शंभर कमी होतात, ताटातला एक घासही कमी न करता. उपाय साधा आहे. महिन्याच्या एक तारखेला अडीच लिटर तेल वेगळ्या बाटल्यांत भरायचे आणि त्यात महिना काढायचा. फोडणीला पळी न वापरता चहाचा चमचा वापरायचा. पहिले आठ दिवस भाजी कोरडी लागते, घरातले कुरकुर करतात. नंतर जिभेला सवय होते.

दुसरा चहा. काही कप कामाच्या घरांत, काही आपल्या घरी. पाच कप, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे साखरेच्याच २०० कॅलरी. चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही. उन्हातान्हात तोच एक विसावा असतो. साखर निम्मी करा, आणि चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटे सोडा. शंभर ग्रॅम फरसाणात पाचशेच्या वर कॅलरी असतात आणि एवढ्याने पोटही भरत नाही.

तिसरी गोष्ट ताटात मुळीच दिसत नाही, आणि आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते तिच्याबद्दल. बहुतेक घरांत स्वयंपाक करणारी बाई शेवटी जेवते. मटणाचे तुकडे, अंडी, डाळीतला घट्ट भाग आधीच वाढून झालेला असतो. तिच्या वाट्याला रस्सा, भात आणि पोरांनी टाकलेली अर्धी पोळी. वर ‘अन्न वाया नको’ म्हणून पातेल्यातले उरलेसुरलेही तीच संपवते. वजन वाढते पण अंगात रक्त नसते, ते यामुळेही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लठ्ठपणा आणि कुपोषण एकाच बाईच्या अंगात राहू शकतात. म्हणून वजन कमी करण्याची पहिली पायरी आम्ही ही सांगतो : सगळे एकत्र बसा आणि बाईचे ताट सगळ्यांबरोबर वाढा. उरलेल्या भाताची सकाळी फोडणी होऊ शकते, तो रात्रीच कुणाच्या पोटात कोंबायला नको.

रेशनचेही बघू. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, रोजचे साधारण १६५ ग्रॅम, म्हणजे ५८० कॅलरी. ते हवेच. पण घरात धान्य मुबलक आणि डाळ महाग असली की पोट भाताने भरते, आणि भाताने भरलेले पोट दोन-तीन तासांत पुन्हा मागते. कमी कॅलरीत तग धरायचा तर प्रथिने वाढवायला हवीत, कारण ती पोटात जास्त वेळ टिकतात आणि स्नायू झिजू देत नाहीत. त्याला पनीर लागत नाही. एका अंड्यात ७० ते ७५ कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने. मटकी, चवळी, मसूर, फुटाणे आहेत. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्या वजनाइतकी प्रथिने असतात. आणि आपली सुकट, आपले बोंबील! वासावरून नाक मुरडणाऱ्यांना सांगा की वाळलेल्या मासळीइतकी प्रथिने त्यांच्या पनीरमध्येही नाहीत. फक्त मीठ फार असते, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, रक्तदाब असेल तर बेतानेच खा.

ताईंचा दिवस पुढे असा बसला. सकाळी एक चमचा साखरेचा चहा. कामावर निघण्याआधी एक ज्वारीची भाकरी आणि दोन अंडी, एक चमचा तेलात. पूर्वी त्या उपाशीपोटी निघायच्या, ते बंद झाले. डब्यात दोन चपात्या, मोठी वाटी मटकीची उसळ, कांदा-काकडी. चार वाजता चहा आणि मूठभर फुटाणे. रात्री एक भाकरी किंवा एक वाटी भात, डाळ, पालेभाजी, थोडी सुकटीची चटणी आणि ताक. हे सगळे मिळून १५५० ते १६०० होते. मोजायला वजनकाटा लागत नाही. पिठाची एक वाटी, भाताची एक वाटी आणि एक चमचा ठरवून ठेवा, तेच रोज वापरा.

पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. पाणी वाढवा, पालेभाजी आणि कोंड्यासकट पीठ खा. भूक लाटेसारखी येते, पंधरा-वीस मिनिटांत बऱ्याचदा ओसरते. ती रोज कोणत्या वेळी येते ते ओळखा. ताईंची वेळ संध्याकाळी सहाची होती, नाक्यावर वडापावची कढई तापते तेव्हाची. म्हणून फुटाण्यांपैकी अर्धे त्या वेळेसाठी राखून ठेवले. झोप कमी झाली की भूक वाढते, म्हणून रात्रपाळीवाल्यांना हे सगळे अधिक कठीण जाते. त्यांनी तूट आणखी लहान ठेवावी.

पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका, त्यात बरेचसे पाणी असते. आणि दोन-तीन महिन्यांनी काटा हलायचा थांबला तर खचू नका. शरीर हलके झाले की त्याचा खर्चही कमी होतो, आणि थकव्याने आपण नकळत हालचालही कमी करतो. अशा वेळी जेवण आणखी तोडण्यापेक्षा आधी तेल-साखर पुन्हा चढली का ते बघा. आठवड्यातून एकदाच, सकाळी, एकाच काट्यावर वजन करा. काटा नसेल तर कमरेला नाडा लावून गाठ मारा. पंधरा दिवसांनी तीच गाठ कुठे येते ते कळेलच.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. जड जेवण करून धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला जेवणात मात्रा ओळखण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवायला सांगितली. राजाचा आहार हळूहळू कमी झाला आणि अंग हलके झाले. आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. बदल हळूहळू झाला, आणि जेवताना आठवण करून देणारे माणूस शेजारी होते. आपल्या घरांत नवऱ्याचे पथ्य बायको सांभाळते. बायकोचे पथ्य सांभाळायला सुदस्सन कोण होणार, हे घराने ठरवावे. ताईंच्या घरी हे काम त्यांच्या नववीतल्या मुलाने घेतले. तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघा मारतो तोच.

काही जणांनी मात्र हे करूच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढत्या वयाची मुले, क्षयरोगाचे औषध चालू असलेले. काहीच न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका. खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. साखरेच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, आणि इन्सुलिन, खाणे कमी केल्यावर साखर फार खाली नेतात. ताईंना जिन्यात झाले ते हेच. आहार बदलण्याआधी गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, ‘मी खाणे कमी करणार आहे, गोळीचे काय करू?’ स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. तरीही घाम, थरथर, अंधारी आलीच तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि बसून राहा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या.

ताईंचे वजन पाच महिन्यांत ८२ वरून ७५ वर आले. मध्ये एक महिना काटा हललाच नाही, आणि चौदा एप्रिलच्या आठवड्यात एक किलो परत चढले. गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे. गुडघे अजून दुखतात, पण जिना चढताना मध्ये थांबावे लागत नाही. पर्समध्ये साखरेची पुडी मात्र त्या अजून ठेवतात.