नेटवर्क हवेत, भिस्त जमिनीवर

शहरातल्या एखाद्या जुन्या मोबाइल टॉवरकडे मान वर करून पाहिलं, की एकाच खांबावर दोन-तीन पिढ्या नांदताना दिसतात. उंच, अरुंद पट्ट्यांसारखे अँटेना जुन्या पिढ्यांचे. त्यांच्याजवळ रेडिओचे वेगळे डबे आणि दोहोंना जोडणाऱ्या काळ्या केबली. शेजारचं आखूड, रुंद, जाडजूड पॅनेल 5जीचं. त्यात अँटेना आणि रेडिओ एकाच पेटीत असतात. अर्थिंग सोडलं तर पेटीत दोनच गोष्टी शिरतात: विजेची केबल आणि ऑप्टिकल फायबर. 5जी कुठे पोचतं आणि कुठे अडतं, हे मुख्यतः या दोन तारांवर ठरतं. टॉवर किती झाले हे आपण हौसेने मोजतो. मोजायला हवं ते टॉवरच्या पायथ्याशी काय आहे ते.

वरची करामत अस्सल आहे, यात शंका नाही. भारतात 5जीची मुख्य मदार 3300 ते 3670 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. तिथल्या लहरीची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर भरते, तर 700 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 43 सेंटिमीटरची असते. लहर आखूड म्हणून अँटेनाचे घटकही लहान, आणि म्हणून ते एकाच पॅनेलमध्ये दाटीवाटीने बसवता येतात. अशा मोठ्या पॅनेलमध्ये 64 प्रेषक असतात. प्रत्येकाचा संदेश किंचित मागेपुढे करून सोडला, की ठरावीक फोनपाशी सगळ्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि इतरत्र बऱ्याच अंशी विरून जातात. फोन नेमका कुठल्या दिशेला आहे, हे त्यानेच पाठवलेल्या लहरींवरून टॉवरला उमगतं. कारण जाण्यायेण्याला पट्टा एकच, फक्त वेळा आलटूनपालटून वाटलेल्या. या पाळ्या शेजारशेजारच्या टॉवरांवर एकाच क्षणी बदलाव्या लागतात. फरक तीन मायक्रोसेकंदांपलीकडे गेला, तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यावर आदळतं. बाजारात एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या कंपन्यांनाही इथे घड्याळ जुळवून घ्यावंच लागतं.

पण हवेतून गोळा केलेला हा सगळा डेटा पुढे न्यायचा तो जमिनीतूनच. तरी अनेक टॉवर आजही एकमेकांना मायक्रोवेव्हच्या गोल डिशने जोडलेले आहेत. 2022मध्ये 5जी आलं तेव्हा देशातल्या साधारण एक तृतीयांश टॉवरपर्यंतच फायबर पोचली होती. उरलेल्या ठिकाणी नवं पॅनेल बसवणं म्हणजे मोठी तोटी लावायची आणि टाकीपासूनचा पाइप मात्र अर्ध्या इंचाचाच ठेवायचा. विजेचंही तसंच. ऐन गर्दीत एक पॅनेल किलोवॅटच्या घरात वीज खातं आणि एका टॉवरवर सहसा अशी तीन लागतात. जिथे वीज वारंवार जाते, तिथे 4जीला पुरणारा बॅटरीसंच लवकर मान टाकतो.

यावर आकडे पुढे केले जातात, आणि ते खोटे नाहीत. 1 ऑक्टोबर 2022 रोजी सेवा सुरू झाली आणि फेब्रुवारी 2025 अखेर सुमारे 4.69 लाख 5जी बीटीएस (टॉवरवरची रेडिओ केंद्रं) उभे राहिले, 99.6 टक्के जिल्ह्यांत सेवा पोचली. हा वेग थक्क करणारा आहे. मात्र जिल्हा हे फार ऐसपैस माप आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी 5जी आलं, म्हणून घाटाखालच्या वाडीला रेंज मिळालीच असं होत नाही. शिवाय या वेगाचं एक कारण म्हणजे नव्या पिढीने जुन्या पिढीचाच आधार घेतला. एअरटेलने आधी 4जीच्या गाभ्यावरच (कोअर नेटवर्कवरच) 5जीचा रेडिओ चढवला. जिओने गाभाही नवा घेतला, तरी नव्या पेट्या बहुतांशी उभ्या असलेल्या टॉवरांवरच चढल्या.

दुसरा आक्षेप असा, की कमी वारंवारतेची लहर दूरवर जाते, मग गावांसाठी तीच वापरावी. जिओने 700 मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तो त्यासाठीच. पण तो जेमतेम 10 मेगाहर्ट्झ रुंद, आणि 3.5 गिगाहर्ट्झजवळचा त्यांचा पट्टा किमान 100. रेंज मिळेल, जाहिरातीतला वेग मिळणार नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 5जीवरून घरोघरी वायरलेस ब्रॉडबँड देता येतं, मग फायबर हवीच कशाला? कारण ही सोय वाचवते ती टॉवरपासून घरापर्यंतची खोदाई. एक घर एका फोनच्या कित्येक पट डेटा ओढतं. तेव्हा टॉवरमागची फायबर अधिकच निकडीची होते. बाजार आपसूक सगळीकडे पोचेल, या भरवशालाही मर्यादा आहेत. दक्षिण कोरियात 28 गिगाहर्ट्झचे परवाने घेऊनही कंपन्यांनी ठरलेली केंद्रं उभारली नाहीत. 2022-23मध्ये सरकारने ते परवाने काढून घेतले.

म्हणून तालुकावार दोन आकडे जाहीर व्हायला हवेत: किती टॉवरांपर्यंत फायबर आहे आणि वीज गेल्यावर ते किती तास तग धरतात. 1 जानेवारी 2025पासून खोदाईच्या परवानगीचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांचा खरा उपयोग किती झाला, हेही याच आकड्यांतून कळेल. खांबावरचं पॅनेल दहाएक वर्षांत जुनं होऊन उतरेल आणि 6जीचं चढेल. चर खणून टाकलेली फायबर मात्र तेव्हाही कामाला येईल. सरकारला पैसा घालायचा असेल, तर तो या चरातच घालणं शहाणपणाचं.