रेतीच्या कणावर किती त्रिकोण?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या मशीनशॉपमध्ये जुने ड्रॉइंग उलगडले, की शाफ्टच्या रेषेवर उलटे त्रिकोण दिसतात. एक त्रिकोण म्हणजे ओबडधोबड कापणी, तीन म्हणजे १.६ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत. नव्या ड्रॉइंगवर थेट ‘आरए’चा, म्हणजे सरासरी खरखरीचा, आकडा असतो आणि त्यापायी जॉब परत येतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा स्थापना-समारंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी याच वसाहतीत झाला. मायक्रॉनची भाषा इथे मुरलेली. मात्र ज्या काँक्रीटच्या जमिनीवर हे लेथ उभे आहेत, त्यातल्या रेतीच्या खरखरीला आकडा नाही. भारतीय मानक ३८३च्या १९७०च्या आवृत्तीत खडी-रेतीच्या पृष्ठभागासाठी पाच वर्ग आहेत : काचेसारखा, गुळगुळीत, दाणेदार, स्फटिकी आणि पोळ्यासारखा सच्छिद्र. बेसाल्टची वर्णी बारीक स्फटिकींत लागते. एवढ्यावर आजवर भागले. यापुढे भागू नये, असे मला वाटते.

कारण रेतीची जातकुळी तीच राहून तिचा इतिहास बदलला आहे. मुंब्रा, डोंबिवलीचे मोठागाव, कल्याण या तिन्ही ठिकाणी ‘रेतीबंदर’ हे नाव अजून टिकून आहे. उल्हासचे खोरे दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे नदीतली रेतीही बरीचशी बेसाल्टचीच लेक, फक्त पाण्याने वर्षानुवर्षे घासलेली. क्रशरमधून पडणारी क्रश सँड त्याच दगडाची, पण कालच फुटलेली. मानकाचा शब्द दोघींना एकाच खणात टाकतो आणि फरक नेमका तिथेच हरवतो. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणले; २०१६च्या आवृत्तीत मानकाच्या शीर्षकातून ‘नैसर्गिक स्रोत’ गळाले; मे २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. पुढची बांधकामे फुटलेल्या दगडावरच उभी राहणार. ‘ही रेती पाणी फार खाते’ ही साइटवरची तक्रार त्यातूनच येते. पण पाणी खाण्याची कारणे तीन : भुकटी, टोकदार आकार आणि पृष्ठभागाची खरखर. भुकटी धुऊन जाते, टोके क्रशर बदलून मोडता येतात, खरखरीवर मात्र या दोन्हींचा भरवसा नाही. भूवैज्ञानिक वॅडेलने १९३२मध्येच कणाचा गोलपणा आणि कोपऱ्यांचा बोथटपणा वेगळे केले; १९८०मध्ये बॅरेटने पृष्ठभागाचा पोत हा तिसरा, स्वतंत्र गुण म्हणून मांडला. आपल्या चाळण्या मात्र फक्त मापच सांगतात.

मग शॉपमधला रफनेस टेस्टरच कणावर का चालवू नये? तिथे गंमत आहे. नेहमीच्या मोजणीत त्याची सुई ०.८ मिलिमीटरचे पाच तुकडे, म्हणजे ४ मिलिमीटर चालते. ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेला कण तिच्या एका पावलाएवढाही नाही. म्हणून संशोधक प्रकाशाकडे वळले : कणावरून आणि आरशावरून परतलेल्या पांढऱ्या प्रकाशाच्या पट्ट्या जुळवून उंचीचा नकाशा काढायचा, त्यातून कणाची गोलाई वजा करायची, उरेल ती खरखर. इंग्लंडच्या लेटन बझर्डच्या क्वार्ट्‌झ रेतीवर ती मायक्रॉनच्या काही दशांशांइतकीच भरते. म्हणजे हाताला बोचणारी रेती आकड्यात ग्राइंड केलेल्या शाफ्टच्या पंगतीला बसते! बोटांना लागतात ते कोपरे. खरखर त्याहून खूप बारीक. अर्थात ही पंगत फसवी आहे. कणावरची खिडकी, म्हणजे एका वेळी मोजलेला तुकडा, इवलीशी, शाफ्टवरची ०.८ मिलिमीटरची; खिडकी मोठी केली की आकडाही सहसा वाढतो. ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी फूटपट्टीनुसार बदलते, हे गणितज्ञ मँडेलब्रॉटने १९६७मध्ये दाखवले, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आकड्याशेजारी खिडकी लिहिली नसेल, तर तो आकडा मानकातल्या त्या पाच शब्दांहून बरा नाही.

यावर अभियंता म्हणेल, शंकूतून काढलेले ताजे काँक्रीट किती खचते तो स्लम्प घेतो, ट्रायल मिक्स करतो, एवढे पुरते. पुरते, पण ‘काय झाले’ हे कळण्यापुरते. मिश्रण ताठ आहे हे शंकू उचलल्यावर दिसते. तीन कारणांपैकी कोणते, हे तो शंकू सांगत नाही, आणि मग उतारा म्हणून मिश्रण सैल करणारे ॲडमिक्श्चर सरसकट वाढवले जाते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : अर्ध्या मिलिमीटरचे कण एका ग्रॅममध्ये पाच-सहा हजार असतात, त्यातले वीस मोजून काय साधणार? वायू चिकटवून साऱ्या चिमटीचे क्षेत्रफळ काढणारी १९३८ची बीईटी पद्धत आहे, पण ती भुकटी आणि सूक्ष्म छिद्रेही त्यातच मोजते. तेव्हा प्रत्येक ट्रकमागे हा खटाटोप नकोच. १५० मायक्रॉनखालचा माल क्रश सँडमध्ये मानकाने २० टक्क्यांपर्यंत चालवून घेतला आहे; त्यामुळे आधी धुऊन पाहावे, ताठपणा गेला तर प्रश्न संपला. तो उरला, तरच खदान आणि क्रशर या जोडीमागे एकदा कण मोजावेत.

सुरुवातीला तर प्रकाशाचे महागडे यंत्रही नको. २० मिलिमीटरच्या खडीचा नुकता फुटलेला, त्यातल्या त्यात सपाट चेहरा टेस्टरच्या सुईला पुरेशी वाट देतो. सुई एखाद्या खाचेत अडकेल, त्या खडीचा नाद सोडून पुढची घ्यावी. त्या आकड्यावरून एका खदानीचा दगड दुसरीहून किती खरखरीत फुटतो, हे कळेल. रेतीचा कण तसाच असेल असे नाही, कारण क्रशरमध्ये दगडावर दगड आदळताना तो वाटेतच थोडा घासला जातो. किती, ते पुढे प्रकाशाखाली पाहता येईल. तोवर वहीत खदानीचे नाव, आरए आणि शेजारी ०.८ मिलिमीटर.