निवृत्तीनंतर मुक्काम कोठे? परदेशातील आपल्या माणसांनी वेळेवर करावयाचा कागदांचा हिशेब

ओतूरला आमचे कापडाचे दुकान आहे. सुट्टीवर आलेली आखाती मंडळी शर्टपीस, साडी, लग्नाचा बस्ता घ्यायला येतात. चहा होतो, तिकडच्या बातम्या होतात. त्यांतले साठीच्या जवळ आलेले लोक हमखास एक सवाल करतात, "सेठ, व्हिसा संपल्यावर काय करायचे? दुबईत म्हणे म्हातारपणाचाही व्हिसा मिळतो. खरे का?"

आम्ही वकील नाही. शिक्षण उर्दू शाळेत झालेले, इंग्रजी फॉर्म भरताना आजही दोनदा वाचावा लागतो. पण कोरोनाच्या काळात आमच्याच घरातली दोन प्रकरणे आम्हाला निस्तरावी लागली. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

घरातली दोन प्रकरणे

पहिले आमच्या चुलतभावाचे. अमिरातीत त्याने तीस वर्षे शिलाईकाम केले. फेब्रुवारी २०२० मध्ये दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आला तेव्हा वय एकसष्ट होते. २३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. बघता बघता सहा महिने उलटले. तिकडच्या नियमाने सलग १८० दिवस देशाबाहेर राहिल्यास निवासाचा परवाना धोक्यात येतो. सरकारने त्या काळात सवलत दिली, परवानगी काढून काही लोक परतलेही. पण याचा परवाना संपत आला होता आणि या वयाच्या माणसासाठी पुन्हा खर्च करायला मालक तयार नव्हता. तीस वर्षांचा संसार एका फोनवर संपला. मशीन, कात्री, गिऱ्हाइकांच्या मापांची वही, सारे तिकडेच राहिले. सेवा संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी फोनवरून मागावी लागली आणि पूर्ण काही आली नाही.

दुसरे प्रकरण आमच्या खालाचे. तिची मुलगी, जिला आम्ही आपा म्हणतो, आणि मुलगा, दोघेही इंग्लंडात स्थायिक. दोघांचेही पासपोर्ट ब्रिटिश. आपाने ओसीआय कार्ड काढून ठेवले होते. भाऊ दर हिवाळ्यात पर्यटक व्हिसावर यायचा. निवृत्त झाल्यावर सहा महिने ओतूर, सहा महिने इंग्लंड असा त्याचा बेत होता. कार्डाचे विचारले की म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू."

मे २०२० च्या अखेरीस खालाचा इंतकाल झाला. दफनाला दोघांपैकी कोणीच पोहोचू शकले नाही. मात्र आपा जूनमध्ये विशेष विमानाने आली आणि क्वारंटाइनचे दिवस काढून घरी पोहोचली. भाऊ आईच्या कबरीवर उभा राहिला तो डिसेंबर २०२१ मध्ये, दीड वर्षाने. आई एकच, पासपोर्टही एकाच देशाचा. फरक होता तो एका कार्डाचा.

नियम कसे बदलत गेले

भारत सरकारने १३ मार्च २०२० पासून जवळजवळ सर्व व्हिसा स्थगित केले. ओसीआय कार्डावर व्हिसाशिवाय येण्याची सोयही थांबली. म्हणजे सुरुवातीला कार्डवालेही अडकले. २२ मे रोजी काही ओसीआयधारकांना मुभा मिळाली. कुटुंबात मृत्यू किंवा तशीच निकड असलेले त्यात होते. २१ ऑक्टोबरला सर्व ओसीआयधारक आणि पर्यटक सोडून इतर बहुतेक परदेशी नागरिकांना वाट खुली झाली. नेहमीच्या विमानाने येणाऱ्या पर्यटकांना मात्र १५ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. नियमित आंतरराष्ट्रीय विमाने तर २७ मार्च २०२२ ला सुरू झाली.

ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट होता त्यांना व्हिसाचा प्रश्न नव्हता. त्यांची अडचण विमानाची होती. ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' मोहिमेची विमाने निघाली, तिकीट ज्याचे त्याने काढायचे होते.

या क्रमातून एक गोष्ट दिसते. दार बंद होते तेव्हा पर्यटक आधी बाहेर राहतो आणि सर्वांत शेवटी आत येतो. कापडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर पर्यटक व्हिसा म्हणजे जत्रेतली पाल, जत्रा उठली की पाल उठली. नोकरीचा व्हिसा म्हणजे मालकाच्या मर्जीवरचा गाळा. ओसीआय म्हणजे कायमच्या वहिवाटीचा गाळा, पण सभेत मत नाही. तिन्हींचे भाडे वेगळे आणि भरवसाही वेगळा.

आखातात म्हातारपण काढता येते का?

सर्वसाधारण कारागिराचा आखातातील मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की मुक्काम संपला. वय वाढले की हा धागा आणखी बारीक होतो. कुवेतने १ जानेवारी २०२१ पासून साठी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्या परदेशी कामगारांचे परवाने नूतनीकरण न करण्याचा नियम आणला. पुढे वाद झाला आणि २०२२ मध्ये जादा फी आणि खाजगी आरोग्य विमा भरून नूतनीकरणाची वाट निघाली. मधल्या वर्षभरात कित्येकांनी गाशा गुंडाळला. सौदी अरबस्तानात कुटुंब सोबत ठेवणाऱ्यांवर २०१७ पासून माणशी कर आहे. दरमहा १०० रियालपासून सुरू होऊन २०२० मध्ये तो ४०० रियालपर्यंत गेला.

अमिरातीचा अनुभव तर लक्षात ठेवण्यासारखा. १ मार्च २०२० नंतर संपणारे परवाने वर्षअखेरपर्यंत चालतील असे आधी जाहीर झाले. जुलैमध्ये तो निर्णय फिरवला आणि लोकांना ठरावीक मुदतीत नूतनीकरण करायला सांगितले. जाहीर झालेली सवलतही मध्येच आटोपू शकते, हा त्याचा अर्थ. एप्रिल २०२१ मध्ये भारतातून जाणाऱ्यांना अमिरातीत बंदी झाली. तेथील रहिवाशांना ती ५ ऑगस्टपासून अटींसह उठली.

आता दुबईच्या निवृत्ती व्हिसाबद्दल. तो खरा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये दुबईने ५५ वर्षांवरील लोकांसाठी पाच वर्षांचा, पुन्हा वाढवता येणारा व्हिसा सुरू केला. त्या वेळची अट अशी: दरमहा २०,००० दिरहम उत्पन्न, किंवा १० लाख दिरहम शिल्लक, किंवा २० लाख दिरहमची मालमत्ता. २०,००० दिरहम म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे चार लाख रुपये महिना. अटी नंतर बदलल्या आहेत, आजची चौकशी ताजीच करावी. पण ही वाट दुकानमालकाची, शिलाई कारागिराची नाही, एवढे कळायला हे आकडे पुरेत.

इतर देशांतील सोयी

काही सधन मंडळी मलेशिया आणि थायलंडचे नाव घेतात. मलेशियाची 'माय सेकंड होम' योजना जगभर गाजलेली. ऑगस्ट २०२० मध्ये ती थांबवली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा आली तेव्हा परदेशातील मासिक उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून ४०,००० वर गेली, शिवाय १० लाख रिंगिटची मुदत ठेव. पुढे त्यातही फेरफार झाले. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर मिळणाऱ्या निवृत्ती व्हिसाला बँकेत ८ लाख बाट किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवावे लागे. साथीच्या थोडे आधी, ३१ ऑक्टोबर २०१९ पासून, त्याच्या एका प्रकाराला आरोग्य विमाही सक्तीचा झाला. पैसा भरूनही नियम बदलायचा अधिकार यजमान देशाकडेच राहतो, हे दोन्हीकडे दिसले.

भारतात येऊन राहणाऱ्यांसाठी

निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा भारतात नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आपल्या माणसाला मुख्य वाटा दोन.

पहिली ओसीआय कार्डाची. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर जो भारताचा नागरिक होता, तो आणि त्याची मुले, नातवंडे, पणतवंडे अर्ज करू शकतात. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिकत्व स्वतःला किंवा आईवडील-आजोबांना कधी होते तर हे कार्ड मिळत नाही. कार्ड आयुष्यभराचे असते आणि कितीही दिवस राहता येते. मतदानाचा हक्क नाही. २०२१ पासून पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, तबलीग अशा कामांना वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती न घेता केलेले काम कार्डावर बेतू शकते. नवा पासपोर्ट आला की त्याची प्रत तीन महिन्यांत ऑनलाइन चढवायची, दर वेळी नवे कार्ड काढायला नको.

दुसरी वाट एंट्री व्हिसाची, मूळ भारतीय असलेल्यांसाठी. हा मुदतीचा असतो आणि मुक्काम १८० दिवसांवर जाणार असेल तर नोंदणी लागते.

परदेशी पाहुणा घरी ठेवणाऱ्याने त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवावयाची असते. १९४६ चा जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला आहे. तेव्हा आपला माणूस म्हणून गप्प न बसता, कार्डवाला असो की व्हिसावाला, आधी पोलिसांकडे विचारून घ्यावे.

नावांचा घोळ

आमच्या खालाच्या मुलाला ऑक्टोबर २०२० नंतर एंट्री व्हिसा मागता आला असता. तो अडला कागदात. इंग्लंडचे नागरिकत्व घेतल्यावर जुना भारतीय पासपोर्ट जमा करून दाखला घ्यायचा असतो. त्याने तो घेतला नव्हता, पासपोर्टही हरवलेला. शाळेचा दाखला उर्दूत, जन्माची नोंद मराठीत, ब्रिटिश पासपोर्टवर स्पेलिंग तिसरेच. वडिलांचे नाव एका ठिकाणी 'शेख' धरून, दुसरीकडे त्याशिवाय. आम्ही ओतूरहून जुन्नरला, जुन्नरहून पुण्याला खेटे घातले. शेवटी सामान्य व्हिसावरच यायची वेळ आली.

आपल्या बिरादरीत हा घोळ घरोघरी आहे. माणूस नोकरीत आहे तोवर शाळेचा दाखला, जन्माचा उतारा, आईवडिलांचे कागद आणि पासपोर्ट एका नावावर आणून ठेवावेत. म्हातारपणी हे काम दुप्पट जड जाते.

जमीन, बँक आणि कर

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात पैसा आला की पहिली इच्छा शेतीची. परदेशात राहणारा भारतीय असो की ओसीआयधारक, दोघांनाही शेतजमीन आणि फार्महाउस विकत घेता येत नाही. घर किंवा दुकान घेता येते. वारसाने शेतजमीन मिळू शकते. दुसऱ्याच्या नावाने घेतलेली जमीन पुढे भांडणाचे मूळ होते.

कायमचे परतल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते निवासी करून घ्यावे लागते. परकीय चलन ठेवायचे असल्यास आरएफसी खाते उघडता येते. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात झाले की करासाठी माणूस निवासी धरला जातो. २०१९-२० या वर्षासाठी अडकलेल्यांचे २२ ते ३१ मार्चचे दिवस सरकारने मोजले नाहीत. पुढच्या वर्षाला अशी सरसकट सूट नव्हती. दिवसांची नोंद वहीत ठेवावी.

आता काय करावे

पन्नाशी गाठलेल्या प्रत्येक परदेशस्थ भावाने पाच कामे करावीत. कोठे राहायचे ते घरच्यांशी बसून ठरवावे. परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआयचा अर्ज करावा. नावे एक करावीत. नोकरीचा करार, पगाराचे पुरावे आणि बँकेचे उतारे यांची एक प्रत घरी ठेवावी, तिकडे विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र द्यावे. आरोग्य विमा साठीच्या आत काढावा, नंतर हप्ता वाढतो आणि अटीही.

आमचा चुलतभाऊ आता दुकानाच्या माडीवर मशीन टाकून बसतो. हात अजून चांगला आहे. नवी माप-वही केली आहे. सुट्टीवरचा कोणी आला की तो आधी एकच विचारतो, "परवान्याची तारीख कोणती, आणि कागद कुणाच्या हातात आहेत?" आमचाही वाचकांना हाच सवाल आहे.